दगडी फरशी, क्लॅडिंग आणि सीलर: पाणी नेमकं शिरतं कुठून

आमच्या घराच्या पुढच्या भिंतीला सँडस्टोनचं (वालुकाश्माचं) क्लॅडिंग, म्हणजे भिंतीवर पातळ दगडी आवरण, केलं, बदामी रंगाचं, मस्त उठून दिसायचं, आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर त्यावर वरून खाली पांढरे ओघळ आले, कुणी चुन्याचं पाणी ओतल्यासारखे. ज्याने काम केलं त्याला बोलावलं तर म्हणाला, सीलर (दगडात पाणी शिरू नये म्हणून लावतात ते द्रावण) मारायचा राहिला, मारून टाकू. मारला, पैसे वेगळे घेतले अर्थात. पुढच्या पावसाळ्यात ओघळ परत हजर, आणि आता ते ब्रशनेपण निघेनात कारण सीलरच्या थराखाली अडकले होते. मग ओळखीतले एक म्हातारे गवंडीकाका आले. त्यांनी भिंतीला हातसुद्धा लावला नाही, चार पावलं मागे गेले, वर बघितलं आणि म्हणाले, "साहेब, भिंतीचं डोकं उघडंय. ती वरनं पाणी पितीय आणि तुम्ही तिचं तोंड पुसत बसलाय."

त्या एका वाक्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागलो, आणि आता जे कळलंय ते इथे लिहितोय, कारण घर बांधताना आपण दगडाचा रंग बघायला तीन दुकानं फिरतो पण तो बसवायचा कसा हे दहा मिनिटंपण विचारत नाही.

सुरुवात दगडापासूनच करू. दुकानात सगळ्याला "स्टोन" म्हणतात पण घरात वागायच्या दृष्टीने दगडाच्या दोन जाती आहेत, ॲसिडला घाबरणारे आणि न घाबरणारे. शहाबादी (कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादवरून नाव पडलं), तांदूर, कोटा, कडप्पा, जैसलमेरचा पिवळा, हे सगळे चुनखडीचे दगड, आणि मार्बल म्हणजे जमिनीखाली उष्णतेने आणि दाबाने बदललेली चुनखडीच. यांच्यात मुख्य माल कॅल्शियम कार्बोनेट, म्हणून लिंबू, चिंच, दही, व्हिनेगर, बाथरूम क्लीनर काहीही पडलं की दगडाचा वरचा पापुद्रा विरघळतो आणि तिथे पांढुरका, खरबरीत डाग राहतो. दुसऱ्या बाजूला ग्रॅनाइट, आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, आणि बहुतेक सँडस्टोन, यांना लिंबाने काही होत नाही. कुठला दगड कुठल्या जातीतला हे कळायला लॅब लागत नाही, एका तुकड्यावर लिंबाचे दोन थेंब टाका, पाच मिनिटांनी पुसा, चमक गेली असेल तर तो पहिल्या जातीतला. (घरात बसलेल्या ओट्यावर हा प्रयोग करू नका, दुकानातून तुकडा मागून घ्या, देतात.)

हे आधी सांगायचं कारण असं की आपल्याकडे फरशीचं काम झालं की "ॲसिड मारून धुवून देतो" ही पद्धतच पडलीय. सिमेंटचे डाग ॲसिडने जातात हे खरं, पण ते जातात कारण ॲसिड सिमेंटमधला चुना खातं, आणि कोटा किंवा मार्बल हाही चुन्याचाच, त्याला ते कसं सोडेल? डागाबरोबर पॉलिशपण जातं, मग पुन्हा घासाई, पुन्हा खर्च. सिमेंट सांडलं की ओलं असतानाच स्पंजने पुसून घ्यायचं, एवढंच ते काम आहे, पण बिगारी दुपारी जेवायला गेलेला असतो आणि संध्याकाळपर्यंत ते पक्कं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे दगड पाणी किती पितो. दगड घट्ट दिसतो पण आत बारीक छिद्रं असतात आणि दगडादगडात फरक फार मोठा आहे. अमेरिकेतल्या एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात ग्रॅनाइटने वजनाच्या ०.४ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये असं आहे, मार्बलला मर्यादा ०.२ टक्के, आणि साध्या सँडस्टोनला ८ टक्क्यांपर्यंत मुभा. म्हणजे वीस-चाळीसपट फरक. याचीपण घरगुती टेस्ट आहे, कोरड्या दगडावर पाण्याचे थेंब टाकायचे आणि पंधरा मिनिटं चहा प्यायचा. खाली दगड काळपट झाला असेल तर तो पिणारा आहे. थेंब तसाच बसलेला असेल तर त्याला सीलर मारून फारसा उपयोगच नाही, कारण सीलर आत जाणारच नाही, वर चिकट थर होऊन बसेल. बऱ्याच गडद ग्रॅनाइटच्या ओट्यांवर सीलरचे पैसे असेच वाया जातात.

कोकण-गोव्यातला जांभा हा अजून वेगळाच गडी. लोह आणि ॲल्युमिनियमने भरलेला, खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की कडक होणारा, आणि छिद्रं तर डोळ्यांनी दिसतात. आता त्याच्या पातळ चकत्या काढून क्लॅडिंग करायची फॅशन आलीय. छान दिसते यात वाद नाही, पण तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे हा दगड चार महिने ओला राहणार हे धरूनच चालायचं.

आता मुख्य मुद्दा, तो पांढरा ओघळ येतो कुठून. आपल्याकडे त्याला खार म्हणतात, काही जण लोणा लागला म्हणतात. लोकांना वाटतं दगड खराब निघाला. बहुतेक वेळा दगड बिचारा निर्दोष असतो, खार त्याच्या मागच्या सिमेंटमधून येतो. सिमेंट पाण्याबरोबर घट्ट होताना त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे विरलेला चुना तयार होतो, तो पाण्यात थोडा थोडा विरघळतो, मागे पाणी साठलेलं असेल तर ते हा चुना घेऊन दगडाच्या छिद्रांतून आणि दर्जांमधून (दोन दगडांमधल्या फटींतून) पुढे येतं, वर आल्यावर पाणी उडून जातं आणि चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरा कडक थर होऊन बसतो. वाळूतले, विटांतले, बोअरच्या पाण्यातले क्षारपण असेच येतात, फक्त ते पाण्याने धुतले जातात, चुन्याचा थर जात नाही. म्हणजे खार यायला दोन गोष्टी लागतात, मागे चुना आणि आत पाणी. सिमेंट वापरलं की चुना आलाच. उरलं पाणी, आणि आपल्या हातात तेवढंच आहे.

जुन्या वाड्यांच्या जोत्यांना हा त्रास एवढा का नव्हता असं मी काकांना विचारलं होतं. तिथे हातभर जाडीचे दगड, मध्ये चुन्याची दर्ज, पाणी आत गेलं तरी तसंच बाहेर यायला वाट होती. आपण वीस मिलिमीटरची चकती सिमेंटने भिंतीला चिकटवतो आणि चारही बाजूंनी बंद करतो, वर पुन्हा प्लास्टिकसारखा सीलर. घाम आलेल्या माणसाला रेनकोट घालावा तसं.

फरशी बसवण्याकडे येतो. शहाबादी, तांदूर असे दगड एकसारख्या जाडीचे नसतात, एका बाजूला २५ तर दुसऱ्या बाजूला ३० मिलिमीटर, म्हणून ते जाड मालावरच बसवावे लागतात, एकास चार ते एकास सहाचा सिमेंट-वाळूचा माल, साधारण २० ते २५ मिलिमीटर, वर सिमेंटचा घोळ, आणि रबरी हातोडीने ठोकून लेव्हल. हा माल मूठ वळेल इतकाच ओला हवा. पातळ माल पसरायला सोपा म्हणून गडी पाणी ओतत जातात, आणि ते जास्तीचं पाणीच पुढे चुना घेऊन वर येतं. मशीनने एकसारख्या जाडीत कापलेला दगड असेल तर ॲडेसिव्ह (पोत्यात तयार मिळणारा चिकटवायचा माल) चांगलं, पोत्यावर आयएस १५४७७ हे भारतीय मानक आणि टाइप किती ते छापलेलं असतं, तुमच्या दगडाला आणि जागेला कुठला टाइप हे पोत्यावरच वाचा, दुकानदार जे संपवायचं असेल ते देतो. दात्यांच्या थापीने एका दिशेत ओढायचं आणि मोठ्या दगडाला मागूनपण पातळ थर द्यायचा.

इथे सगळ्यात मोठी चोरी होते ती टिकल्यांची. दगडाच्या चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे मालाचे गोळे ठेवायचे आणि दगड दाबून बसवायचा. पटकन होतं, लेव्हल लवकर मिळते, आणि खाली सगळी पोकळी. बोटाने किंवा नाण्याने वाजवून बघा, पोकळ आवाज येतो. त्या पोकळीत पाणी साठतं, वरून जड कपाट आलं की कोपरा तुटतो, आणि पांढऱ्या मार्बलमध्ये तर ते पाच गोळे वरून डागांसारखे दिसतात. पांढऱ्या मार्बलला ॲडेसिव्ह पांढरंच घ्यायचं, राखाडी रंग आरपार उमटतो. इटालियन मार्बलच्या मागे जी जाळी चिकटवलेली येते तीपण बघून घ्या, ॲडेसिव्ह दगडाला न चिकटता जाळीच्या रेझिनला चिकटतं आणि पुढे सगळं एका दणक्यात सुटतं, म्हणून जाळी काढायची किंवा त्यावर चालणारं एपॉक्सी (दोन घटक मिसळून वापरायचं, पाणी नसलेलं ॲडेसिव्ह) वापरायचं.

हिरव्या मार्बलबद्दल एक गंमत सांगतो. उदयपूरकडचा तो गडद हिरवा, बऱ्याच देवघरांत असतो, तो खरं म्हणजे सर्पेंटाइन जातीचा दगड आहे आणि त्यातले काही प्रकार पाण्याच्या मालावर बसवले की पापडासारखे वाकतात, कोपरे वर येतात. गवंड्याला वाटतं आपली लेव्हल चुकली, तो काढून परत बसवतो, परत वाकतो. याला पाणी नसलेलं एपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) ॲडेसिव्हच लागतं.

बसवून झालं की दर्जा भरणे. हल्ली सगळ्यांना "जॉइंटलेस" पाहिजे. घरात २-३ मिलिमीटर तरी दर्ज ठेवाच, बाहेर उन्हात त्याच्या दुप्पट. दगड तापला की वाढतो, १० मीटर लांबीचा ग्रॅनाइट ३० अंशांनी तापला तर साधारण दोन ते अडीच मिलिमीटर वाढतो, त्याला जागा नाही मिळाली तर मधली एखादी फरशी तंबूसारखी उचलते. म्हणून बाहेर दर तीन-चार मीटरवर एक जॉइंट सिमेंटने न भरता लवचिक सीलंटने भरायचा. मार्बलजवळ सिलिकॉन घेताना न्यूट्रल असं लिहिलेलं घ्या, साध्या सिलिकॉनला जो व्हिनेगरचा वास येतो तो उगाच येत नाही, ते ॲसिडच आहे, दगडाची कड खातं. आणि पिणारा दगड असेल तर रंगीत ग्राउट (दर्जा भरायचा माल) भरायच्या आधी सीलरचा एक हात द्या, नाहीतर काळा ग्राउट बदामी दगडाच्या कडांत घुसतो आणि प्रत्येक फरशीला शोकपत्रिकेसारखी काळी किनार येते.

भिंतीचं क्लॅडिंग हे फरशीपेक्षा जोखमीचं, कारण फरशी सुटली तर पायाखाली हलते, क्लॅडिंग सुटलं तर डोक्यात पडतं. हिशोब करून बघा, दगडाचं वजन एका घनमीटरला साधारण २६५० किलो, म्हणजे २० मिलिमीटर जाडीला एका चौरस मीटरला ५३ किलो. दहा बाय दहा फुटांची भिंत म्हणजे जवळजवळ अर्धा टन दगड, आणि तो तुमच्या प्लास्टरला लटकलाय. ॲडेसिव्ह कितीही भारी असू दे, प्लास्टर भुसभुशीत असेल तर ते प्लास्टरच घेऊन खाली येणार. म्हणून रंग, पुट्टी, जिप्सम सगळं खरवडून काढायचं, टाचे मारायचे (माल धरावा म्हणून भिंतीला खाचा पाडायच्या), भिंत ठोकून बघायची. पातळ पट्ट्या, छोटे तुकडे, पुरुषभर उंची असेल तर ॲडेसिव्हवर भागतं. मोठे स्लॅब आणि मजलाभर उंची असेल तर क्लॅम्प किंवा पिना पाहिजेतच, स्टेनलेस स्टीलच्या, समुद्राजवळ ३१६ ग्रेडच्या, कारण साधं लोखंड गंजलं की फुगतं आणि दगड आतून फोडतं, शिवाय तांबडे ओघळ बोनस. क्लॅम्पवरच्या ड्राय क्लॅडिंगमध्ये मागे हवेची फट राहते, आत गेलेलं पाणी उतरून खालून निघून जातं, सिमेंट नसल्यामुळे खारपण नाही. महाग पडतं, पण उंच दर्शनी भिंतीला माझं मत त्यालाच.

आणि भिंतीचं डोकं! वरच्या कडेवर दगड आणि भिंत यांच्यामध्ये जी फट असते तिथून पावसाचं पाणी सरळ मागे उतरतं. वर कोपिंगचा, म्हणजे भिंतीच्या माथ्यावर झाकणासारखा बसणारा, दगड हवा, थोडा आतल्या बाजूला उतार असलेला, दोन्हीकडे इंच-दीड इंच बाहेर आलेला आणि खालच्या बाजूला खाच मारलेला, म्हणजे पाणी भिंतीवर न ओघळता खाचेपाशी थेंब होऊन खाली पडतं. खिडकीच्या खालच्या पट्टीलापण तेच. आमच्याकडे हे काहीच नव्हतं.

अंगणातलं पेव्हिंग पटकन सांगतो कारण तिथे नव्वद टक्के काम खालच्या भरावाचं आहे. मुरूम नीट दाबलेला, त्यावर खडीचा थर किंवा चार इंच काँक्रीट, कडेला पक्की किनार, आणि ढाळ घरापासून बाहेरच्या दिशेला, ८० ते १०० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर. चालायला २५-३० मिलिमीटरचा दगड पुरतो, गाडी येणार असेल तर ५० किंवा त्याहून जाड ठोकळे घ्या. बाहेर पॉलिश केलेला दगड अजिबात नको, फ्लेम किंवा लेदर फिनिश, म्हणजे गुळगुळीत नसलेला, घ्या, पावसाळ्यात शेवाळ आलं की पॉलिशच्या कोट्यावर आजी-आजोबा सोडा, आपणपण आडवे होतो. अजून एक, कापाकापी पाणी सोडूनच करायला लावा. सँडस्टोन, ग्रॅनाइटच्या कोरड्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात जाऊन बसते आणि परत निघत नाही, आणि आपले कामगार तोंडाला रुमाल बांधून दिवसभर कटर चालवतात. चांगल्या मास्कचे पैसे मालकाने द्यावेत, फार नसतात.

आता सीलर. बाजारात शंभर डबे आहेत पण प्रकार दोनच. एक वर थर करणारा, ॲक्रिलिक किंवा पीयू, याने दगड ओला केल्यासारखा गडद आणि चमकदार दिसतो, दुकानात बघून आपण लगेच भुलतो. उन्हात वर्ष-दोन वर्षांत तो पिवळा पडतो, साल निघाल्यासारखा सुटतो, आणि आतली ओल अडवून ठेवतो. बाहेरच्या भिंतीला हा मी तरी फुकट दिला तरी लावणार नाही. दुसरा आत मुरणारा, सिलेन-सिलॉक्झेनचा. हा छिद्रं बुजवत नाही, छिद्रांच्या भिंतींना आतून चिकटतो आणि त्यांना अळूच्या पानासारखं करून टाकतो. अळवावरचं पाणी कसं गोळी होऊन घरंगळतं, तसं. पाणी आत शिरत नाही पण आतली वाफ बाहेर पडू शकते, आणि दगडाचा रंग जवळजवळ तसाच राहतो. सिलेनची पकड सिलिका असलेल्या दगडांवर म्हणजे सँडस्टोन, ग्रॅनाइट, बेसॉल्टवर चांगली बसते, चुनखडी आणि मार्बलवर तितकी नाही, त्यामुळे कोटा-मार्बलला त्यांच्यासाठी बनवलेला सीलर मागायचा. किचनमध्ये तेल-हळद असते तिथे तेलालाही अडवणारा, फ्लोरोपॉलिमरचा घ्या, साधा सीलर फक्त पाणी अडवतो.

आणि एक गैरसमज, सीलर मारला म्हणजे लिंबाचा डाग पडणार नाही असं नाही. सीलर डाग मुरायला वेळ लावतो, पण ॲसिड दगडाच्या पृष्ठभागालाच खातं, तिथे सीलर काही करू शकत नाही. कडप्प्याच्या ओट्यावर चिंचेचा कोळ सांडला की पुसायचाच, दुसरा इलाज नाही.

मारायची पद्धत सोपी आहे, चुकतो आपण वेळेत. दगड आतून कोरडा पाहिजे. बसवल्यावर निदान महिनाभर थांबा, आणि कोट्यासारखी पाणी सोडून मशीन घासाई केली असेल तर महिना घासाईनंतर मोजा, कारण त्या पाण्यातलं बरंच दर्जांमधून खाली उतरलेलं असतं. खात्री करायची तर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा, खाली दव जमलं किंवा दगड गडद झाला तर अजून थांबा. पावसाळ्यात तर विषयच नको, फेब्रुवारी-मार्च उत्तम, तेही सकाळी, तापलेल्या दगडावर तो मुरायच्या आधीच वाळतो. आधी कोपऱ्यात छोटा पॅच मारून दुसऱ्या दिवशी रंग बघा. मग ब्रशने किंवा कापडाने सारखा हात द्या, डब्यावर लिहिलेली मिनिटं थांबा, सहसा पाच-दहा, आणि वर उरलेला सगळा सीलर कोरड्या फडक्याने पुसून काढा. हे पुसणंच कुणी करत नाही, "जास्त मुरू द्या" म्हणतात, आणि तो वर चिकट धुरकट होऊन बसतो, त्यावर सगळी धूळ. पुढे वर्षातून एकदा थेंबाची टेस्ट करा, दगड पाणी प्यायला लागला की परत एक हात. वर्षांचा आकडा डब्यावर काहीही असू दे.

आमच्या भिंतीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. आधी तो सीलरचा वरचा थर स्ट्रिपर (सीलर सुटवणारं रसायन) लावून काढला, दोन रविवार गेले, हात सोलले. मग कोपिंग बसवलं, खालच्या ओळीत दर दोन-तीन फुटांवर दर्जेत बारीक भोकं ठेवली पाणी निघायला, आणि सीलरला हातच लावला नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर खार आला, आधीपेक्षा निम्मा, तो कोरड्या ब्रशने झाडला. दुसऱ्या वर्षी एका कोपऱ्यात आला, तिथे वरच्या पाइपचं बेंड गळत होतं ते सापडलं. तिसऱ्या वर्षी काहीच नाही, मग मार्चमध्ये मुरणारा सीलर मारला. काकांना फोटो पाठवला तर त्यांचा फोन आला, म्हणाले, "झकास. आता ते पाइपचं बेंड बदललं का नुसतं टेप गुंडाळलंय?"

टेपच गुंडाळलंय.